बोगदा झाला, वाहनतळाचे काय?

२७ डिसेंबर २०२४ रोजी हिमाचल प्रदेशातील सोलंग नाला येथे बर्फवृष्टीमुळे सुमारे एक हजार वाहने अडकली आणि त्यांतील जवळपास पाच हजार पर्यटकांना कुल्लू पोलिसांनी बाहेर काढले. चारच दिवस आधी, २३ डिसेंबरला, सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात अशीच हजारभर वाहने खोळंबली होती. वेळेवर मदत पोहोचल्याने मोठा अनर्थ टळला. नाताळच्या सुटीत मनाली गाठणाऱ्यांत मुंबई-पुण्याच्या पर्यटकांचा वाटा मोठा असल्याने या कोंडीची दखल इकडेही घ्यायला हवी.

सोलंग हे मनालीपासून १३-१४ किलोमीटरवरचे, सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरील बर्फाचे मैदान. मनालीची गिर्यारोहण संस्था येथे वर्षानुवर्षे स्कीइंगचे अभ्यासक्रम घेत आली आहे. सुटीतल्या गर्दीत मात्र स्की शिकायला आलेले थोडेच. बहुतेकांना बर्फ पाहायचा असतो, भाड्याचे कोट-बूट घालून छायाचित्रे काढायची असतात आणि संध्याकाळी हॉटेलवर परतायचे असते. पूर्वी ही गर्दी सोलंगलाच थांबत असे, कारण पुढचा रोहतांगचा रस्ता हिवाळ्यात बंद.

३ ऑक्टोबर २०२० रोजी हे चित्र पालटले. ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटले. लाहौलच्या रहिवाशांची हिवाळ्यातील कैद संपली, लष्कराला बारमाही वाटेची सोय झाली. बोगद्याची ही दोन्ही उद्दिष्टे रास्तच होती. तथापि, तिसरा परिणाम फारसा कोणी हिशेबात धरलेला दिसत नाही. बोगद्यापलीकडचे सिस्सू हे मनालीहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे बर्फाचे ठिकाण बनले. बोगद्याचा आराखडा दिवसाला तीन हजार मोटारी आणि दीड हजार ट्रक इतक्या वाहतुकीचा. डिसेंबर २०२३ मधील नाताळच्या गर्दीत मात्र एका दिवसात २८ हजारांहून अधिक वाहनांची ये-जा झाल्याची नोंद पोलिसांनी दिली. त्याच दिवसांत एका महाशयांनी कोंडी चुकवण्यासाठी आपली जीप थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. पोलिसांनी त्यांना दंड केला. वैतागलेला माणूस कोणत्या थराला जातो, हे त्यातून दिसले.

दोष रस्त्याच्या रुंदीला देण्याची आपल्याकडे सवय आहे. येथे मूळ दुखणे उभ्या गाड्यांचे आहे. सकाळी वर गेलेल्या मोटारी जागा मिळेल तेथे, वळणावरसुद्धा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहतात. दोन पदरी रस्ता एक पदरी होतो. दुपारनंतर बर्फ पडू लागला की सर्वांना एकाच वेळी उतरायचे असते. सीमा रस्ते संघटनेचे बर्फ हटवणारे यंत्र आले, तरी त्याला पुढे सरकायला वाट नसते आणि बाजूला काढलेला बर्फ टाकायला कडही मोकळी नसते. दिवसा वितळलेले पाणी संध्याकाळी गोठते व रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा काचेसारखा थर तयार होतो. चाकांना साखळ्या न लावलेली मैदानी प्रदेशातील मोटार त्यावर ब्रेक दाबताच घसरते आणि आडवी होऊन मागच्या शेकडो गाड्यांचा मार्ग अडवते.

अशी रात्र गाडीत काढणे किती जिवावर बेतू शकते, हे जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे दिसले. बर्फ पाहायला गेलेल्या हजारो मोटारी तेथे अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे गाड्यांतच मरण पावली. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाखाली गाडली गेली असताना ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवले, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीत साचतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

मर्यादा घालणे अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही. रोहतांगसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिवसाला एक हजार पर्यटक वाहनांची मर्यादा घातली. पुढे ती १,२०० झाली, त्यांत ८०० पेट्रोलवरची आणि ४०० डिझेलवरची. त्यासाठी परवाना लागतो. गंमत अशी, की खिंडीवर मोजून गाड्या सोडणाऱ्या याच डोंगराच्या पोटातून गर्दीच्या दिवशी कितीही गाड्या जातात. खिंडीचा प्रश्न प्रदूषणाचा म्हणून न्यायालयीन चौकटीत आला. बोगद्याकडच्या गर्दीचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे आणि तो अजूनही नाक्यावरच्या पोलिसांच्या विवेकावर सोडलेला आहे.

इतरत्र काय करतात? स्वित्झर्लंडच्या झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींना प्रवेश नाही. त्या पाच किलोमीटर अलीकडे टॅश येथे मोठ्या छपराखालच्या वाहनतळावर ठेवून पुढे रेल्वेने जायचे, बारा मिनिटांत. परदेशाचे उदाहरण नको असेल तर आपले माथेरान आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून चालत, घोड्यावर किंवा मिनी ट्रेनने वर जाणे मुंबईकराला नवे नाही, आणि त्यामुळे माथेरानची गर्दी ओसरलेली नाही. गुलमर्गलाही जोरदार बर्फ पडला की साध्या मोटारी तंगमर्गला थांबवून पुढचे १३ किलोमीटर साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांनीच जावे लागते.

मनालीतही बर्फ पडल्यावर नेहरू कुंडापाशी साध्या मोटारी अडवतात आणि ‘फोर बाय फोर’ गाड्याच पुढे सोडतात. अडचण अशी, की हा निर्णय बहुधा बर्फ सुरू झाल्यावर होतो, तोवर सकाळी गेलेल्या गाड्या वर पोहोचलेल्या असतात. शिवाय अडवलेल्या पर्यटकापुढे स्थानिक टॅक्सीवाला सांगेल ते भाडे देणे किंवा परत फिरणे, एवढेच पर्याय उरतात. त्यामुळे ही बंदी टॅक्सीवाल्यांच्या सोयीसाठीच आहे, असा संशय पर्यटकांच्या मनात घर करतो आणि जो तो नाका चुकवून वर जाऊ पाहतो. टॅक्सीवाल्यांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही, त्यांची वर्षाची कमाई याच काही आठवड्यांची. पण ठरलेल्या दराची, दर काही मिनिटांनी सुटणारी सरकारी बस नेहरू कुंडावरून असती, तर नाक्यावरची हुज्जत निम्म्यावर आली असती. हिमाचलच्या परिवहन महामंडळाने २०१७ मध्ये मनाली-रोहतांग मार्गावर विजेच्या बसगाड्या चालवून दाखवल्या आहेत. बाहेरच्या राज्यांतील गाड्यांकडून मनालीच्या वेशीवर हरित करही घेतला जातो. मुख्य गरज आहे ती खाली पुरेशा जागेची आणि बर्फ पडण्यापूर्वीच नाका बंद करण्याच्या धाडसाची. गर्दीच्या हंगामात असे धाडस कोणत्याही जिल्हा प्रशासनाला अवघड जाते, कारण वर दुकानदार रुसतात आणि खाली हॉटेलवाले.

तोवर सहलीला निघणाऱ्यांनी एक चौकशी जरूर करावी. पत्रकात ‘सोलंग व अटल बोगदा’ असे छापलेले असते. नाक्यावर गाडी अडवली गेली, तर पुढच्या टॅक्सीचे पैसे सहल कंपनी देणार की आपण, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.