मौनाचं माहेर

घरातल्या बाईनं "मी रिट्रीटला जाऊ का?" असं विचारलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग डब्याचं काय?" दुसरा प्रश्न सासूबाईंच्या गोळ्यांचा, तिसरा मुलांच्या परीक्षेचा. नवरा कंपनीच्या ट्रेनिंगला आठवडाभर गेला तरी घर चालतं. मुलं सहलीला गेली तरी चालतं. पण बाई तीन दिवस देवाजवळ बसायला निघाली की सगळं अडतं! मैत्रिणींनो, म्हणूनच आज या विषयावर थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

ज्या मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगते. रिट्रीट म्हणजे घरापासून दूर, शांत जागी काही दिवस राहून केलेली साधना. इगतपुरीच्या विपश्यनेबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. आमच्याकडेही मौन असतं, पण त्या मौनात बायबलमधला एखादा उतारा घेऊन त्यावर मनन करायचं, येशूशी मनातलं बोलायचं आणि मग गप्प बसून ऐकायचं. कॅथलिकांमध्ये रोज मिस्सा असते, पापनिवेदनाची सोय असते आणि मार्गदर्शन करायला फादर किंवा सिस्टर असतात.

मी राहते खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीत. आमच्याकडून बोरघाट चढून गेलं की खंडाळा आणि लोणावळा. मुंबईकरांना तिथली चिक्की आणि पावसाळ्यातले धबधबे ठाऊक. पण याच लोणावळ्यात फादर अँथनी डिमेलो यांची 'साधना' संस्था नावारूपाला आली. 1931 मध्ये मुंबईत जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी श्वासाकडे लक्ष देणं, आजूबाजूचे आवाज ऐकणं, स्वस्थ बसणं या आपल्या मातीतल्या रीती ख्रिस्ती प्रार्थनेशी जोडल्या. 1987 मध्ये ते गेले. त्यांच्या काही मतांवर व्हॅटिकननं 1998 मध्ये आक्षेपही घेतला. तरी प्रार्थनेआधी मन शांत करायला त्यांनी हजारोंना शिकवलं, हे खरंच आहे.

या साधनेचं मूळ आणखी जुनं आहे. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत स्पेनच्या इग्नेशियस लोयोलाच्या पायावर तोफेचा गोळा बसला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र वाचलं. बरा झाल्यावर तो मानरेसा गावी जाऊन अनेक महिने प्रार्थनेत राहिला आणि त्या अनुभवातून त्याची 'आध्यात्मिक साधना' तयार झाली. पोपनी तिला 1548 मध्ये मान्यता दिली. आम्हा बायकांना महत्त्वाची गोष्ट ही, की धर्मगुरू होण्याच्या कितीतरी आधी, अल्काला गावी, इग्नेशियसकडे ही साधना शिकायला बायकाही येत. या शिकवणीवर चौकशी झाली आणि 1527 मध्ये त्याला तुरुंगातही बसावं लागलं. म्हणजे 'बाईला कशाला हवी साधना?' हा प्रश्न आजचा नाही. तो पाचशे वर्षांचा आहे!

आता कुणी म्हणेल, रोज संध्याकाळी जपमाळ होते, रविवारी चर्च होतं, मग वेगळं काय हवं? हवं असतं. जपमाळ ओढताना आपलं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असतं. प्रार्थनाही पुष्कळदा मागण्यांची यादी होते : मुलाला नोकरी, मुलीला स्थळ, सासऱ्यांना आराम. त्यात गैर काही नाही. पण ज्याच्याशी रोज फक्त कामाचं बोलतो, त्याच्याशी नातं वाढत नाही. नवराबायकोचं तसंच, देवाचंही तसंच. मी रिट्रीटला गेले तेव्हा पहिला दिवस दूधवाल्याच्या हिशेबात गेला. दुसऱ्या दिवशी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला राग वर आला आणि रडू फुटलं. तो राग देवापुढे बोलून टाकल्यावर जे हलकेपण आलं, ते घरच्या गडबडीत कधीच आलं नसतं. विश्वास वाढतो तो असा. चमत्कार दिसून नव्हे, तर आपण जसे आहोत तसे देवापुढे बसलो म्हणून.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही सांगायला हव्यात. रिट्रीट हा औषधोपचाराला पर्याय नाही. प्रार्थना करावी आणि डॉक्टरांच्या गोळ्याही घ्याव्यात. दुसरी गोष्ट, घरात मार खाणाऱ्या बाईला 'तुझा क्रूस तू सोस' एवढंच सांगून परत पाठवणारा मार्गदर्शक खरा मार्गदर्शक नव्हे. ज्या साधनेतून बाई जास्त घाबरट होऊन परतते, तिथे काहीतरी चुकतंय हे ओळखावं.

मग करायचं काय? घरच्यांनी वर्षातून दोन-तीन दिवस डब्याची जबाबदारी उचलावी. मार्थेची आणि मरियेची गोष्ट आपण चर्चमध्ये सगळे ऐकतो. पण मरिया प्रभूच्या पायाशी बसायची असेल, तर चुलीपाशी दुसरं कुणी उभं राहायला नको का? धर्मग्रामांनीही लहान गावांतल्या बायकांसाठी मराठीतून, परवडेल अशा खर्चात, सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी रिट्रीट ठेवावी. सोबत लहान मुलं सांभाळायला दोन तरुण मुलंमुली असली, की निम्म्या अडचणी सुटतील.

आणि तरीही निघता आलं नाही तर? इग्नेशियसनं त्याचीही सोय करून ठेवली आहे. कामाच्या व्यापातून सुटका नसलेल्यांनी घरीच राहून रोज दीड तास काढावा आणि जास्त दिवस लावून हीच साधना पूर्ण करावी, असं तो सांगतो. दीड तास जड वाटत असेल तर पंधरा मिनिटांनी सुरुवात करा. मुलं शाळेत गेल्यावर, टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. एक उतारा वाचा आणि गप्प बसा.

माहेरी गेलेल्या लेकीला कुणी 'कशाला आलीस?' असं विचारत नाही. तिनं नुसतं बसलं तरी चालतं. देवाच्या घरीही तसंच आहे. तेवढं जायला मात्र हवं, आणि जाते म्हणणाऱ्या बाईला घरच्यांनी अडवायला नको.