शेकानंतरची वर्षे

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोदामांची रांग संपता संपत नाही. इथल्या बाईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग झाला, तर बहुधा परळचे टाटा रुग्णालय गाठावे लागते. तिथे ‘शेक’, म्हणजे किरणोपचार, घेऊन असंख्य स्त्रिया बऱ्या झाल्या आहेत. मात्र क्वचित, दहा-वीस वर्षांनी, शेकलेल्या त्याच पिशवीत दुसरा, वेगळा कर्करोग उद्भवतो आणि तो बऱ्याचदा आक्रमक जातीचा असतो.

पाळी गेलेल्या बाईच्या अंगावरून रक्त गेले की ती सावध होते. पण शेकाने पिशवीचे तोंड आक्रसून बंद झालेले असू शकते. मग रक्त आतच साठते, खूण बाहेर येत नाही. ओटीपोट दुखते, आणि दोष गोदामातल्या ओझ्यावर ढकलला जातो.

म्हणून शेक टाळायचा का? मुळीच नाही. पहिल्या रोगाचा धोका कैक पटींनी मोठा आहे. भिवंडीच्या इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालयाने अशा स्त्रियांची नोंद ठेवावी, पाच वर्षे उलटल्यावरही त्यांना तपासणीला बोलवावे, दुखणे सांगताच सोनोग्राफी करावी. आणि बायांनो, परळची जुनी फाइल जपून ठेवा. शेक कुठे आणि किती दिला, ते तिच्यात लिहिलेले असते.