रिपोर्ट नॉर्मल, पण पोट दुखतेच

‘पोटात गाठी आहेत’ असे सोनोग्राफीनंतर कानावर पडले की आईवडिलांच्याच पोटात गोळा येतो. आठ-नऊ वर्षांचे मूल कित्येक महिने बेंबीभोवती दुखतेय म्हणत असते. जंताचे औषध देऊन झालेले असते, बेंबीला हिंग लावून झालेला असतो, आजीने दृष्टही काढलेली असते. त्यात आता या गाठी. आपल्याकडे क्षयरोग अजून हटलेला नाही, म्हणून शंका लगेच तिकडे धावते. प्रत्यक्षात आतड्यांलगतच्या अशा लहान लसिकाग्रंथी धडधाकट मुलांच्या सोनोग्राफीतही सर्रास दिसतात. ताप नाही, वजन उतरलेले नाही, ग्रंथी लहान आहेत, तर दुखण्याचे खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. केवळ तेवढ्या आधारावर एखाद्या मुलाला क्षयरोगाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

हे दुखणे नवे नाही. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी 1958 मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या सुमारे 11 टक्के मुलांचे पोट पुन्हा पुन्हा, खेळ-शाळा अडावी इतके दुखत होते, आणि बहुतेकांत कोणताही शारीरिक बिघाड सापडला नाही. दुखणे बेंबीपासून जितके दूर तितकी खऱ्या आजाराची शक्यता जास्त, हे त्यांचे निरीक्षण डॉक्टर आजही लक्षात ठेवतात. वैद्यकाच्या भाषेत याला ‘फंक्शनल’ पोटदुखी म्हणतात: आतड्याला जखम नाही, सूज नाही, पण आतडे आणि मेंदू यांच्यातला संदेशांचा व्यवहार बिनसलेला. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात. एखाद्या जुलाबाच्या आजारानंतर किंवा ताणाच्या काळात त्या इतक्या हळव्या होतात, की एरवी जाणवतही नाही अशा वायूने किंवा हालचालीने मूल कळवळते. ती कळ खरी असते.

म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काही झालेले नाही’ एवढे सांगून मुलाला घरी पाठवणे चुकीचे आहे. घरी त्याचा अर्थ ‘नाटक करतोय’ असा निघतो, नाहीतर पालक दुसरा डॉक्टर आणि तिसरी सोनोग्राफी शोधतात. दोन्हींत दुखणे वाढते.

पालकांची काळजी दुखण्यावर कसा परिणाम करते, हे अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या मानसशास्त्रज्ञ लिन वॉकर यांनी 2006 मध्ये दाखवले. मुलांना पोट तुडुंब भरेपर्यंत पाणी प्यायला दिले. काही पालकांना मुलाच्या दुखण्याची आपुलकीने विचारपूस करायला सांगितले, काहींना विषय बदलून मुलाचे मन रमवायला, आणि काहींना कसलीच सूचना दिली नाही. या तिसऱ्या गटाच्या तुलनेत विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, तर रमवलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. गंमत पुढेच आहे. ज्यांच्या मुलांना खरोखर पोटदुखीचा त्रास होता त्या पालकांना वाटले, मन दुसरीकडे वळवल्याने मुलाचे नुकसान होईल. मुलांनी मात्र त्यानेच बरे वाटल्याचे सांगितले. दर तासाला ‘आता दुखतंय का रे?’ विचारणारी आई मायेनेच विचारते. तिला दोष देऊ नये. पण ही माहिती तिच्यापर्यंत पोचवण्याचे काम डॉक्टरांचे आहे.

औषधांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. 2009 मध्ये 90 मुलांवर अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे औषध तपासले गेले. ते घेणारी आणि बिनऔषधाची गोळी घेणारी मुले जवळपास सारखीच सुधारली. उलट नेदरलँड्समध्ये 2007 साली, पोटावर केंद्रित संमोहनोपचार घेतलेली 85 टक्के मुले वर्षभरानंतर बरी होती, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण 25 टक्के होते. अभ्यास लहान होता, 53 मुलांचा. तरीही चिंता हाताळायला शिकवणारे समुपदेशन, शिथिलीकरण, श्वासाचे व्यायाम हीच दिशा त्यानंतरच्या संशोधनातूनही पुढे आली आहे. त्यासाठी लागतो वेळ. आपल्या गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच नसतो आणि त्याचे पैसेही कोणी धरत नाही. सोनोग्राफीला दर आहे, अर्धा तास समजावून सांगण्याला नाही. जिल्हा रुग्णालयांत मुलांसाठी प्रशिक्षित समुपदेशक हवेत, ही मागणी चैनीची नाही.

अर्थात प्रत्येक दुखणे या खात्यात टाकू नये. वजन घटणे, उंची न वाढणे, शौचात रक्त, सतत किंवा हिरवी उलटी, वारंवार ताप, झोपेतून जागे करणारी कळ, उजव्या कुशीतले दुखणे, कावीळ किंवा सांधेसूज यांपैकी काहीही असेल तर तपासण्या हव्यातच. बद्धकोष्ठाचीही नीट चौकशी हवी. शाळेतले स्वच्छतागृह घाण असते, दाराला कडी नसते, तासाला बाई सोडत नाहीत. मूल शौच दाबून धरते आणि पोट दुखू लागते.

फंक्शनल पोटदुखी असलेल्या मुलाने शाळेत जात राहणे हा उपचाराचाच भाग आहे. घरी थांबलेल्या दिवसांनी अभ्यास मागे पडतो, भीती वाढते आणि पुढच्या सकाळची कळ अधिक तीव्र होते. त्यामुळे शिक्षकांशी आधीच बोलून ठेवावे: दुखले तर दहा मिनिटे मागच्या बाकावर टेकू द्या, पाणी पिऊ द्या, स्वच्छतागृहाला केव्हाही सोडा, आणि धोक्याची लक्षणे नसतील तर लगेच घरी फोन न करता पुढच्या तासाला बसवा.