मोबाइल, मूल आणि पथ्याचा प्रश्न

पुसद तालुक्यातील बांशी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव संमत केला, तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव फार दिवसांनी निराळ्या कारणाने देशभर झाले. एरवी यवतमाळ म्हटले की शेतकऱ्यांच्या आत्महत्या, नाही तर २०१७ च्या फवारणीतील विषबाधा. या वेळी एका लहान गावाने आपल्या मुलांविषयी स्वतः काही ठरविले, एवढीच बातमी होती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याच्या मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवण्याचा प्रघात सुरू झाला होता. या ठरावांची त्या काळी थट्टाही पुष्कळ झाली. पुढे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियासारख्या प्रगत देशाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची खाती नाकारणारा कायदा केला आणि डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. थट्टा करणाऱ्यांनी हा कालक्रम ध्यानी घ्यावा.

बांशीकरांचे आम्ही अभिनंदनच करतो. तथापि वैद्य या नात्याने त्या ठरावाकडे पाहताना काही गोष्टी मनात येतात, त्या आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुळात हा मोबाइल मुलांच्या हाती आला कसा? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. ज्या घरात तोवर बटनांचा साधा फोन होता त्या घरानेही कापसाच्या पैशांतून अथवा उसनवारी करून मोठ्या पडद्याचा फोन घेतला. आईबापांनी तो लाड म्हणून घेतला नव्हता. मूल मागे पडू नये म्हणून घेतला होता. शाळा पुन्हा उघडल्या, फोन मात्र घरात राहिला. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोध्वंसाचे विवेचन केले आहे. वायू, जल, देश व काल हे चार भाव बिघडले की प्रकृती भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, हे आपण सर्व जाणतो. त्याच अध्यायात भगवान आत्रेय गंगातीरी अग्निवेशाला सांगतात की, भूमीचा रस नष्ट होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवाव्यात. २०२० मध्ये आपण या उपदेशाचा अर्थ सुंठ, दालचिनी, तुळस व गुळवेल एवढाच घेतला. (त्या वर्षी काढ्याच्या पुड्या कशा खपल्या, हे आमच्या औषधी विक्रेत्या बंधूंना सांगावयास नको.) साथ ओसरल्यावर घराघरांत जे मागे उरणार होते त्यासाठी मात्र कोणीच काही गोळा करून ठेवले नाही.

आज आपल्या चिकित्सालयांत येणारी बालके पाहावीत. भूक नाही, मलावरोध आहे, रात्री अकरापर्यंत झोप नाही, सकाळी उठत नाही, डोळे चोळते, हाक मारली तर चिडते. आई म्हणते, ‘डॉक्टर, भुकेचं काहीतरी द्या.’ जेवते कसे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: मोबाइल लावून दिल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आहारविधीत चरकांनी तन्मन होऊन, बोलणे-हसणे टाळून जेवण्यास सांगितले आहे. जे मूल पडद्याकडे पाहून गिळते, त्याला आपण काय खाल्ले, किती खाल्ले याचे भानच नसते; भूक लागल्याची आणि भागल्याची जाणीव त्याच्यात रुजावी कशी? शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात तर बालकाच्या खेळण्यांचेही वर्णन आहे. ती रंगीबेरंगी, आवाज करणारी, हलकी, टोक नसलेली, तोंडात न जाणारी आणि भय न उपजविणारी असावीत. मूल जेवत नसेल तर राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला घाबरवू नये, असेही तेथे बजावले आहे. बागुलबुवाने भरविणे आणि पडद्याने भरविणे यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही. दोहोंतही मुलाचे मन ताटावरून दुसरीकडे ओढूनच घास आत ढकलला जातो.

व्याधीच्या तीन कारणांपैकी असात्म्येंद्रियार्थसंयोग हे एक. डोळ्यांच्या बाबतीत अतितेजस्वी वस्तू फार पाहणे हा अतियोग, अगदी जवळचे, भयानक, बीभत्स पाहणे हा मिथ्यायोग. हे वाचताना मोबाइलचा पडदा डोळ्यांपुढे येतो. कोणी यास ओढाताण म्हणेल, तर म्हणो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षाखालील बालकाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक दाखवू नये, असे म्हटले आहे. त्यांची परिभाषा निराळी, सांगणे मात्र मात्रेचेच आहे.

आता आमची पहिली शंका. अहितकर सवय सोडवायची तर ती पादांशक्रमाने, एकेक चतुर्थांश कमी करीत सोडवावी, असा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. ग्रामसभेचा ठराव एका दिवसात होतो. सवय एका दिवसात सुटत नाही. फोन एकदम हिसकावून घेतला की मूल आकांत करते आणि तिसऱ्या दिवशी आई तो मुकाट्याने परत देते. त्यातून मुलाला कळते ते एवढेच, की आकांत पुरेसा मोठा असला म्हणजे झाले.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. ठराव मुलांपुरता आहे. घरातील मोठ्यांना पथ्य नाही. परंतु बापाच्या हातातला फोन तरी हौसेचा आहे काय? २०२२ च्या आरंभी कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला आणि पुढील हंगामात पुष्कळ खाली आला. त्याच वर्षी युक्रेनमधील युद्धाने खतांचे भाव चढले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी स्थगित केले. जगात कोठेही काही घडले की ते आपल्या पऱ्हाटीपर्यंत येते, आणि ते कळविणारे साधन एकच आहे. रात्री दहा वाजता भाव पाहत बसलेल्या शेतकऱ्याला ‘मुलासमोर मोबाइल पाहू नका’ असे सांगताना आपली जीभ अडखळते. वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते. घरी मुलाला सांभाळतो तो फोनच. तेव्हा या आईबापांना दोष देणाऱ्या सुरात बोलणे आम्हांस मान्य नाही.

२०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. औषध बाजारात आले होते, पंप आला होता. किती मारावे, केव्हा मारावे, नाकातोंडाला काय बांधावे, हे बारीक अक्षरांत डब्यावर छापलेले होते आणि फवारणाऱ्यापर्यंत पोहोचले नव्हते. मोबाइलचेही तेच झाले. विषही युक्तीने वापरल्यास औषध होते, हे शिकलेल्या आपणासारख्यांनी तरी ही युक्ती लोकांना सांगावयास हवी होती.

ती सांगण्याऐवजी आपण काय करीत आहोत? येथे थोडे कटू लिहावे लागते. ब्राह्मी, शंखपुष्पी यांच्या बाटल्या ‘एकाग्रतेसाठी’ म्हणून मुलांच्या आईबापांना दिल्या जातात. परीक्षेच्या दिवसांत तर खोक्यांनी जातात. सारस्वतारिष्टाच्या गुणांविषयी आम्हांस शंका नाही. परंतु जे मूल मध्यरात्री झोपते त्याला सकाळी चमचाभर अरिष्ट पाजणे म्हणजे निदानपरिवर्जन सोडून केलेली चिकित्सा होय. कारण तसेच ठेवून दिलेल्या औषधाचा गुण येत नाही, आणि मग दोष शास्त्रावर येतो. दुकानदार बंधू म्हणतील, गिऱ्हाईक मागते ते आम्ही देतो. मान्य. पण मूल किती वाजता झोपते, एवढा एक प्रश्न बाटली देण्यापूर्वी विचारण्यास कोणाची आडकाठी आहे? चार बाटल्या कमी जातील, ही भीती आम्हांस समजते; ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही.

आमची सूचना साधी आहे. बालरुग्णाच्या केसपेपरवर निद्रा आणि आहार यांच्याखाली एक ओळ वाढवावी: पडदा किती वेळ, जेवताना की झोपताना. पहिल्या आठवड्यात फक्त जेवणातला सोडवावा, बाकी तसाच राहू द्यावा. तो सुटल्यावर झोपेपूर्वीचा. आजी-आजोबा घरी असतील तर पथ्याची चिठ्ठी त्यांच्या हाती द्यावी. पथ्य पाळून घेण्यात त्यांच्याइतके कसबी कोणी नाही. आणि मूल समोर बसलेले असताना आपला स्वतःचा फोन टेबलाच्या खणात ठेवावा. नाडी पाहता पाहता तो उचलण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना जडली आहे, आणि मूल ते पाहत असते.

या जिल्ह्यातील सभासदांनी असे केसपेपर सहा महिने ठेवावेत आणि आपले अनुभव, यश आले असो वा नसो, या त्रैमासिकाकडे पाठवावेत. ज्यांना यश आले नाही त्यांच्या पत्रांना आम्ही आधी जागा देऊ.