अब्बांची गरी आणि खलूफचा किनारा

मागच्या वेळी या पानावर आम्ही मुलांच्या अभ्यासाच्या वेळापत्रकाबद्दल लिहिलं होतं. या वेळी आमच्याच घरातलं एक वेळापत्रक, जे गेले दोन महिने पुन्हा पुन्हा खोडून लिहिलं जातंय.

अब्बांनी बावीस वर्षं मस्कतला इलेक्ट्रिशियनचं काम केलं. शुक्रवारची सुट्टी कपडे धुण्यात, पत्र लिहिण्यात आणि झोपण्यात जायची. ओमानला एवढा मोठा किनारा आहे, पण अब्बांनी पाहिला तो फक्त मत्रहचा मासळीबाजार. आता भाई तिथे नोकरीला आहे, त्याच्याकडे गाडी आहे. अब्बांचं वय ७४. रत्नागिरीच्या खाडीत पोरवयात गरवायला जाणाऱ्या या माणसाला एकदा त्या किनाऱ्यावर गरी टाकायची आहे. एवढंच मागणं. आणि आमच्यापैकी कुणीच आजवर तंबूत झोपलेलं नाही.

भाईने जागा ठरवली खलूफ. मस्कतहून सिनाव, महूतमार्गे गाडीने पाच-सहा तास. पांढरी वाळू आणि पलीकडे अरबी समुद्र. आम्हाला वाटलं, समुद्र तर आपलाच, त्यात काय शिकायचं? पण कोकणात किनाऱ्याला लागून माड असतात, विहीर असते, हाक मारली तर कुणीतरी येतं. तिथे सावलीसुद्धा आपणच न्यायची.

म्हणून यादीत पहिलं पाणी. माणशी रोज पाच लिटर, आम्ही सात जण, तीन दिवस, म्हणजे १०५ लिटर. त्यावर एका जादा दिवसाचे ३५. धाकट्याने हे गणित तोंडी केलं आणि विचारलं, एवढं पाणी ठेवणार कुठे? प्रश्न बरोबर होता. उत्तर दुसऱ्या गाडीत मिळालं. तसंही अशा ठिकाणी एकट्या गाडीने जायचंच नाही. एक रुतली तर ओढायला दुसरी हवी. भाईचा एक शेजारी कुटुंबासह येतो आहे. (अम्मींना वाळूत झोपायचं नाही. त्या भाभींबरोबर मस्कतलाच थांबणार आहेत आणि त्याबद्दल फार खूश आहेत.)

रुतण्याची भीती दोन ठिकाणी. एक मऊ वाळू. त्यासाठी चाकांतली हवा ३५ वरून १५ ते १८ पर्यंत उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरतो. परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर हवाच. दुसरं ठिकाण जास्त फसवं. त्याला तिथे सबखा म्हणतात. सपाट, कोरडी, घट्ट दिसणारी जमीन. वर मिठाचा पापुद्रा आणि खाली ओला चिखल. गाडी पापुद्रा फोडून आत बसते. जिथे आधीच्या चाकांचे माग आहेत तिथूनच जायचं, कोऱ्या मैदानात शिरायचं नाही.

भाईच्या ओळखीतल्या एकाने किनाऱ्यालगतच्या ओल्या, कडक वाळूवरून गाडी घातली, तीही भरती चढत असताना. गाडी रुतली, फावडं सापडेपर्यंत पाणी दारापर्यंत आलं. माणसं वाचली, गाडी गेली. हे ऐकल्यावर अब्बांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. चांदाची तारीख बघून भरती सांगणं त्यांना येतं. पहिली आणि पंधरावी या तारखांच्या आसपास उधाण, सातवी-आठवी आणि बाविसावी-तेविसाविला भांग. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. ती वेळ तिथे लागू पडणार नाही, त्यासाठी तिथलंच कोष्टक पाहावं लागेल. पण उधाण आणि भांग तिथेही त्याच चांदाचे. डिसेंबरअखेरची आमची सुट्टी रजबच्या सातवी-आठवीला जुळली. भांगाच्या दिवसांत पाणी फार वर चढत नाही. तरी तंबू भरतीच्या जुन्या कचऱ्याच्या रेषेपासून चांगला वर, आणि गाडी न्यायची ती ओहोटी लागल्यावरच.

तंबूचे खुंटे वाळूत धरत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरून ती पुरायची आणि दोरी तिला बांधायची. हिवाळ्यात रात्री दव पडतं, स्वेटर लागतो.

आता मासे. यादीत ते शेवटी आले, याचं अब्बांना वाईट वाटलं. सुरमईला तिथे कनअद म्हणतात. तिच्यावर १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते, आपल्या जून-जुलैसारखी. डिसेंबरात ती अडचण नाही. परवान्याचं काम भाई आधी करून ठेवेल. आमिषाला तारली आणि माकूल. मुलांना एकच सक्तीचा नियम : पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत चालायचं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट बाजूला होतं. तरी काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. तुटलेली दोरी तिथे टाकून यायची नाही, त्या समुद्रात कासवं आहेत.

खरा वाद झाला तो अब्बांच्या इन्शुलिनवरून. फोनची रेंज मिळेलच असं नाही. आम्ही म्हणालो, अब्बांना नको नेऊ या. घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. शेवटी भाईने मार्ग काढला. आधी एक रात्र फिन्सला, मस्कत-सूर रस्त्यालगतच्या किनाऱ्यावर. तिथून घरी परतायला दोन तास पुरतात. ती रात्र अब्बांना झेपली तरच पुढे खलूफ, नाहीतर फिन्सलाच गरी टाकायची. इन्शुलिन थंड डब्यात, पण बर्फाला चिकटून नाही. मध्ये जाड टॉवेल. अब्बांनी हे मान्य केलं, थोडं घुश्श्यातच.

थोरलीने परवा नकाशा पसरून सांगितलं, "दादाजान, इथे नमाजला उभं राहिलं की समुद्र समोर असतो. तिथे पाठीमागे येणार." अब्बा बराच वेळ नकाशा बघत राहिले. मग उठून माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. आत शिशाची वजनं, गुंडाळलेली दोर आणि गंजलेल्या सात गऱ्या. त्यांतल्या चार त्यांनी रॉकेल लावून घासल्या. त्या विमानात हातातल्या पिशवीत चालत नाहीत, मोठ्या बॅगेत टाकायच्या आहेत. तेही यादीत लिहिलं.