दोष काकांचा की गोळीचा?

आमच्या बोईसरच्या एक काकू परवा दुपारी आल्या आणि पदराने डोळे पुसत बसल्या. काका तारापूर एमआयडीसीतून निवृत्त झालेले. पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस. पार्किन्सन्स, म्हणजे आपला कंपवात, होऊन चार वर्षं झाली. "अगं, हात थरथरतो ते सोसलं. पण आता रोज लॉटरीची तिकिटं! मला न सांगता एफडी मोडली. मुलगा म्हणतो, बाबा म्हातारपणी बिघडले."

मी विचारलं, "काकू, गोळी कधी बदलली?" आठ महिन्यांपूर्वी! आणि तिकिटांचा नाद त्यानंतरचाच.

मैत्रिणींनो, मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य कमी पडलं की हा आजार होतो. प्रामिपेक्सॉल, रोपिनिरोल या गोळ्या डोपामिनचं काम करतात. हालचाल सुधारते, पण मनाला 'आणखी हवं' म्हणायला लावणारंही डोपामिनच. म्हणून काहींना जुगार, खरेदी, खाणं आवरत नाही. काहींची कामेच्छा एकदम वाढते. २०१० साली अमेरिका-कॅनडातल्या ३०९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा गोळ्या घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे सतराजणांमध्ये असं काही ना काही आढळलं. शिवाय काहींना घरात नसलेली माणसं दिसतात, तर काहींना बसल्या जागी अचानक झोप लागते. अशांच्या हाती स्कूटरची चावी देऊ नये.

पण हे सांगतं कोण? लोकल पकडून मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचं, शेजारी नवरा बसलेला, पाच मिनिटं मिळणार. रात्रीचा त्रास बाई कोणत्या तोंडाने सांगणार? मग घरोघरी 'चळला' हा शिक्का बसतो आणि बाई गप्प राहते. मला वाटतं, गोळी लिहून देतानाच डॉक्टरांनी हे मराठीत समजावून सांगावं आणि पुढच्या भेटीत बायकोला वेगळं विचारावं. तेवढा तिचा हक्क आहे.

मात्र घाबरून गोळी मनानेच बंद करू नका. औषध एकाएकी तोडलं तर ताप येऊन अंग ताठरतं, जिवावरही बेतू शकतं. गोळी कमी करायची, बदलायची की थांबवायची, ते डॉक्टरच ठरवतील, तेही हळूहळू. आपण वहीत गोळी, तारीख आणि बदललेलं वागणं टिपून ठेवावं. पैशांचे कागद तोवर मुलांच्या ताब्यात द्यावेत.

काकूंनी बोलायचं टाळलं, पण एक चिठ्ठी लिहून फाइलसोबत डॉक्टरांपुढे सरकवली. गोळी हळूहळू कमी झाली, तिकिटंही थांबली. गेलेले पैसे गेले. पण "माझा माणूस वाईट नव्हता गं," हे म्हणताना त्यांचा चेहरा पाहायला हवा होता!