नावं मागच्या बाजूला

बोस्टनच्या बीकन स्ट्रीटवर, विधिमंडळासमोर, कांस्याचं एक मोठं उठावशिल्प आहे. घोड्यावर कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ, वय पंचवीस, गोरा. त्याच्या बरोबरीने बंदुका खांद्यावर टाकून पायी चाललेले, अमेरिकन यादवी युद्धातल्या चौपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे कृष्णवर्णीय शिपाई. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी त्यावर सुमारे चौदा वर्षं घालवली. कुणी दाढीवाला, तर सर्वांत पुढे मिसरूडही न फुटलेला ढोलवाला पोरगा. प्रत्येक चेहरा वेगळा आहे. पण ते चेहरे पैसे देऊन बसवलेल्या मॉडेलांचे.

31 मे 1897 रोजी अनावरण झालं, तेव्हा धारातीर्थी पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं दगडात कोरलेली होती. शिपायांची नव्हती. ती कोरली गेली 1980च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तीही मागच्या बाजूला. रस्त्यावरून फोटो काढून पुढे जाणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

हे शिपाई हिशेबाचे मोठे पक्के होते. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर. यांना 10, त्यातूनही कपड्यांचे 3 कापून 7. पलटणीने पगारच नाकारला. पुढे फरकाची रक्कम राज्याने भरून देऊ केली, तर तीही घेतली नाही. पगार न घेताच 18 जुलै 1863 रोजी त्यांनी दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर चाल केली. सुमारे सहाशेपैकी अडीचशेहून अधिक जण मारले गेले, जखमी वा बेपत्ता झाले. समान वेतनाचा कायदा झाला तो जून 1864 मध्ये. निशाण खाली पडू न देणारा सार्जंट विल्यम कार्नी जन्माने गुलाम; त्याला सर्वोच्च शौर्यपदक मिळालं 1900 मध्ये. सदतीस वर्षांनी! सरकारी टपालही इतकं रेंगाळत नाही.

स्मारक उभारलं म्हणजे ऋण फिटलं, असं संस्थांना वाटतं. वॉशिंग्टनने 1998 मध्ये निदान योग्य प्रश्न विचारला: लढलं कोण? तिथल्या यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय शिपायांच्या स्मारकाभोवतीच्या पट्ट्यांवर दोन लाख नऊ हजारांहून अधिक नावं आहेत, पलटणवार.

आर्लिंग्टन ही एकेकाळी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांच्या सासुरवाडीची, गुलामांनी कसलेली जमीन. आज तिथे राष्ट्रीय दफनभूमी आहे. तिच्या 27 क्रमांकाच्या विभागात कृष्णवर्णीय पलटणींतल्या शिपायांच्या शेजारी गुलामीतून सुटलेले हजारो स्त्री-पुरुष, मुलं पुरलेली आहेत. त्यांच्या दगडांवर ‘सिटिझन’, म्हणजे नागरिक, असा शब्द कोरलेला दिसतो. त्यांना नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती 1868ची. त्यातले बरेच जण तोवर मातीआड गेले होते.